बोटिंग धक्क्याचा गाळ काढायचाय? पहिल्यांदा काम हाती घेणाऱ्यांसाठी

पुण्याजवळच्या पानशेत, खडकवासला, मुळशी, पवना इथले बोटिंगचे धक्के असोत किंवा शहरात मुळा-मुठेच्या संगमाजवळचे रोइंग क्लब, दर काही वर्षांनी प्रत्येकाच्या बैठकीत एकच विषय येतो: धक्क्यापुढे गाळ साचलाय, बोटी टेकतायत. मग कुणीतरी म्हणतं, ‘एक पोकलेन आणू, चार दिवसांत साफ.’ तिथून गोंधळ सुरू होतो. पोकलेन चार दिवसांत गाळ काढेलही, पण तो टाकायचा कुठे, बिल कशावर द्यायचं, परवानगी कुणाची आणि पुढच्या पावसाळ्यात तो परत येणार नाही कशावरून, हे प्रश्न तसेच राहतात.

क्लबचे नवे सचिव, ग्रामपंचायतीचे सदस्य, नुकतेच रुजू झालेले कनिष्ठ अभियंते आणि धक्का चालवायला घेतलेले ठेकेदार यांच्यासाठी हा लेख आहे. समुद्रातल्या बंदरांचं ड्रेजिंग हा वेगळा विषय. इथे भरती-ओहोटी नाही, पण धरणाची पातळी वर्षभरात कित्येक मीटर वरखाली होते आणि इथलं सगळं वेळापत्रक त्या पातळीवर ठरतं.

१. गाळच आहे ना, याची खात्री करा

बोट टेकली म्हणजे गाळ साचला असं नाही. त्या वर्षी धरणाची पातळीच नेहमीपेक्षा खाली असू शकते. जलसंपदा विभागाकडे रोजच्या पातळीची नोंद असते. मागच्या पाच वर्षांचे मार्च ते जूनचे आकडे मागून घ्या. पातळी तीच असताना पूर्वी बोट तरंगत होती आणि आता टेकते, तर गाळ. पातळीच खाली असेल तर तरंगता धक्का आणखी आत सरकवणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. त्यासाठी नांगराचे ब्लॉक हलवायचे आणि गँगवे (काठापासून धक्क्यापर्यंतचा पूल) लांब करायचा, एवढंच काम असतं.

गाळाच्या खुणा धक्क्यावरच दिसतात. आउटबोर्ड इंजिनातून थंड पाण्याची जी पिचकारी बाहेर पडते ती बारीक होते किंवा गढूळ येते, कारण पंप तळाचा गाळ ओढत असतो. वर्षाच्या आत पंपाचा इंपेलर (आतला पंखा) झिजून बदलावा लागतो. तरंगत्या धक्क्याचं एखादं पाँटून (धक्का ज्यावर तरंगतो तो पोकळ ठोकळा) तळाला टेकतं, धक्का एका बाजूला कलतो आणि दोन पाँटूनमधल्या बिजागरीच्या पिना वाकतात. बिजागऱ्या वाकलेल्या दिसल्या तर पुढच्या हंगामाची वाट बघू नका. वजन जिथे पडायला नको तिथे पडतंय.

२. तळाची पातळी कागदावर आणा

‘सहा फूट खोल करा’ असं निविदेत लिहिलेलं आढळतं. कशापासून सहा फूट? आजच्या पाण्यापासून की पूर्ण संचय पातळीपासून, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरच्या पातळीपासून? पुढची निम्मी भांडणं या एका वाक्यातून निघतात. खोली कधीच लिहू नका, तळाची पातळी लिहा.

आधी ठरवा की पाणी किती खाली जाईपर्यंत धक्का चालू ठेवायचा. ती झाली किमान चालू पातळी. तिच्यातून तीन गोष्टी वजा करा:

- सर्वात जड बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली जाणारा भाग. पेडल बोटीला साधारण ३० सेंटिमीटर. शिडाच्या लहान बोटीचा बोर्ड खाली सोडला की ८० सेंटिमीटर ते १ मीटर. स्पीडबोटीला इंजिनाचा पाय धरून ८० सेंटिमीटर समजा.
- तळाशी मोकळी जागा. पेडल आणि वल्ह्याच्या बोटींना ३० सेंटिमीटर पुरतात, इंजिनाच्या बोटीला ५० सोडा. पंख्याचा झोत तळावर बसला की तोच गाळ उडून धक्क्याखाली जाऊन बसतो.
- पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत येणारा गाळ. आधीचा अनुभव नसेल तर ३० सेंटिमीटर धरा.

उदाहरणार्थ, तुमच्या स्थानिक बेंचमार्कवरून (काठावरची पक्की खूण, जिच्यावरून सगळ्या पातळ्या मोजतात) किमान चालू पातळी १००.०० मीटर असेल आणि स्पीडबोट चालवायची असेल तर ०.८, ०.५ आणि ०.३ मिळून १.६ मीटर होतात. तळ हवा ९८.४० ला. निविदेत हाच आकडा जाईल.

जास्त खोदलं तर जास्त टिकेल, हा हिशेब चुकीचा आहे. आजूबाजूच्या तळापेक्षा खोल केलेला खड्डा हा गाळाचा सापळाच असतो, आसपासचं सगळं सरकून त्यात येतं. शिवाय मूळ तळ फोडला तर छोट्या तलावांमधून पाणी झिरपायला लागतं. गाळ काढायचा तो मूळ तळापर्यंत, त्याखाली नाही. मूळ तळ ओळखायला हातानं चार-पाच ठिकाणी नमुने घ्या. काळा मऊ थर संपून मुरूम किंवा घट्ट पिवळी माती लागली की तिथे थांबायचं.

३. मोजणी: इथे पैसे वाचवू नका

काम पाण्यात असेल तर गाळ डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त मोजणीचा नकाशा. कामाच्या आधी एक आणि नंतर एक, अशा दोन मोजण्या होतात आणि दोन्हींमधला फरक म्हणजे काढलेला गाळ. दोन्ही मोजण्या एकाच माणसाने, एकाच उपकरणाने, त्याच रेषांवर करायच्या.

आधी काठावरच्या पक्क्या खडकावर किंवा काँक्रीटवर बेंचमार्क कोरा आणि तेलरंगाने रंगवा. पाण्यात मोजपट्टी रोवा. धरणातून विसर्ग चालू असेल तर सकाळ ते संध्याकाळ पाणी काही सेंटिमीटरने बदलतं. म्हणून दर तासाला मोजपट्टी वाचायची आणि प्रत्येक खोली त्या वेळच्या पातळीवरून तळाच्या पातळीत बदलायची. हे केलं नाही तर अडीच हजार चौरस मीटरच्या बेसिनमध्ये, म्हणजे धक्क्यापुढच्या बोटींच्या जागेत, १० सेंटिमीटरची चूक २५० घनमीटरची होते. तेवढा गाळ कुणी काढलेला नसतो, पैसे मात्र कुणीतरी देतं.

बेसिनमध्ये दर ५ मीटरवर रेषा घ्या, बाहेर जाणाऱ्या वाटेवर दर १० मीटरवर. एको साउंडर (आवाज तळाशी पाठवून खोली मोजणारं यंत्र) वापरत असाल तर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर मोजलं ते नकाशावर लिहून घ्या. २०० किलोहर्ट्‌झचा आवाज मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो. ३३ किंवा २४ किलोहर्ट्‌झचा त्याच्या आत शिरतो आणि खालचा घट्ट थर दाखवतो. आधीची मोजणी २०० वर आणि नंतरची ३३ वर केली तर न काढलेला गाळही काढल्यासारखा दिसतो. हा घोळ बहुतेक वेळा अजाणता होतो, पण बिलात त्याने काही फरक पडत नाही.

जलपर्णी किंवा पाणवनस्पती असेल तिथे एको साउंडरवर विसंबू नका, तो वनस्पतीलाच तळ समजतो. तिथे बांबूच्या किंवा ॲल्युमिनियमच्या काठीला खाली १५ सेंटिमीटर व्यासाची चकती लावून हाताने खोली घ्या. काठी दाबायची नाही, आपल्या वजनाने जिथे थांबेल तो तळ. बेसिन लहान असेल तर सगळी मोजणी काठीने केली तरी चालते, आणि ती बऱ्याचदा जास्त खरी असते.

आता आकडेमोड. बेसिन ६० बाय ४० मीटर, म्हणजे २,४०० चौरस मीटर. ठरलेल्या पातळीच्या वर सरासरी ०.८ मीटर गाळ, म्हणजे १,९२० घनमीटर. मशीन नेमक्या पातळीला थांबू शकत नाही, म्हणून १५ सेंटिमीटरची सूट द्यावी लागते. ते आणखी ३६०. एकूण २,२८० घनमीटर, आणि हा तळात बसलेला गाळ. बाहेर काढला की तो फुगतो. ३० टक्के धरले तर सुमारे २,९६० घनमीटर, म्हणजे जवळपास १,०५० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ओल्या गाळाने हायवा (मोठा टिपर ट्रक) काठोकाठ भरता येत नाही. एका खेपेला १० घनमीटर धरले तर ३०० खेपा होतात. ‘चार दिवसांत साफ’ म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा.

४. गाळाची तपासणी

वरच्या धरणांमधला गाळ बहुतेक डोंगरउतारावरून आलेली माती असते. तिथे कृषी विभागाच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेतली नेहमीची तपासणी आणि चिकणमाती-पोयटा-वाळू यांचं प्रमाण एवढं पुरतं. शेतकऱ्याला तेवढंच हवं असतं.

मुळा-मुठेचा किंवा सांडपाणी येणाऱ्या कुठल्याही तलावाचा गाळ वेगळा. त्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त आणि तेल-ग्रीस तपासून घ्या. नमुना फक्त वरून घेऊ नका. वरचे ३० सेंटिमीटर आणि त्याखालचा थर वेगवेगळ्या डब्यांत भरा. जुना प्रदूषित थर खाली दडलेला असू शकतो. अहवालात धातूंचं प्रमाण जास्त आलं तर तो गाळ शेतात जाऊ शकत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून विल्हेवाट ठरवावी लागते आणि खर्चाचं गणित पूर्ण बदलतं. म्हणून ही तपासणी अंदाजपत्रकाच्या आधी करायची, नंतर नाही.

काळा, कुजक्या अंड्याचा वास येणारा गाळ असेल तर तो ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. उघड्यावर सहसा त्रास होत नाही, पण पंपाच्या बंद खोलीत किंवा बार्जच्या (सपाट मालवाहू बोटीच्या) पोटात माणूस उतरवायचा तर गॅस मीटरशिवाय नाही.

५. गाळ कुठे जाणार?

हे उत्तर हातात नसेल तर पुढचं काहीच करू नका. गाळ काढण्यापेक्षा तो नेऊन टाकण्यात जास्त पैसे जातात.

शेतकऱ्यांना देणं सर्वात सोयीचं. राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे आणि शेतात गाळ पसरण्याची सवय आता गावोगाव झाली आहे. हलक्या, मुरमाड जमिनीवर ३ इंचांचा थर द्यायचा तर एकरी सुमारे ३०० घनमीटर लागतात. म्हणजे वरच्या उदाहरणातला सगळा गाळ दहा एकरांत जिरतो. मात्र शेत रिकामं हवं. एप्रिल-मेमध्ये सगळे ‘हो’ म्हणतात, पण उभा ऊस असलेला शेतकरी तुमची गाडी बांधावरूनच परत पाठवेल. नावं, गट क्रमांक आणि किती गाड्या घेणार, हे आधीच लेखी घ्या.

गाळ ओला असेल तर मध्ये वाळवायची जागा लागते. अर्धा मीटर जाडीने पसरला तर २,९६० घनमीटरला दीड एकर. वाळवणाची जागा पूररेषेच्या आणि पूर्ण संचय पातळीच्या वरच हवी. धक्क्याच्या शेजारी काठावरच ढीग लावून ठेवला की जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तो वाहून परत बेसिनमध्ये येतो. हे इतक्या ठिकाणी होतं की ‘काठावर साठवलेला गाळ मोजणीत धरणार नाही’ असं कलमच निविदेत घालावं.

गाळ विकायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. धरणाची जमीन शासनाची आहे. त्यातली वाळू आणि मुरूम गौण खनिजात मोडतात, आणि परवान्याशिवाय वाहतूक केली तर महसूल विभाग गाडी जप्त करून दंड लावतो. गाळात वाळू जास्त निघाली तर तहसीलदारांना आपणहून कळवा.

६. परवानग्या आणि कागदपत्रं

मालकी कुणाची यावर सगळं अवलंबून. धरण असेल तर संबंधित विभागाचे कार्यकारी अभियंता, शहरातला तलाव असेल तर महापालिका. मुळशीचं धरण खासगी कंपनीचं आहे, तिथे अर्जही तिकडेच. फाइलमध्ये किमान हे हवं:

- जलाशयाच्या मालकाची लेखी परवानगी, कामाच्या जागेच्या नकाशासह
- आधीच्या मोजणीचा नकाशा आणि घनफळाचं गणित
- गाळ तपासणी अहवाल
- गाळ टाकण्याच्या जागेचा ७/१२ आणि मालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र
- ग्रामपंचायतीचा ठराव (रस्ता गावातून जात असेल तर नक्कीच)
- मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेल्या पत्राची पोच. जलाशयाचा मासेमारीचा ठेका त्यांच्याकडे असतो आणि जाळी कुठे लावली आहेत ते त्यांनाच ठाऊक असतं
- वाट वनजमिनीतून जात असेल तर वन विभागाची परवानगी
- मशीन आणि गाड्यांची कागदपत्रं, कामगारांचा आणि त्रयस्थ नुकसानीचा विमा

पर्यावरण मंजुरीबद्दल नेहमी विचारलं जातं. देखभालीसाठी धरण, जलाशय, नदी किंवा कालव्यातला गाळ काढण्याला २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्व पर्यावरण मंजुरीतून सूट आहे. पण सूट फक्त देखभालीला. गाळ काढण्याच्या नावाखाली बेसिन रुंद केलं, काठ भरून नवी पार्किंगची जागा तयार केली, तर ती देखभाल राहत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे आणि नदी-तलावांवर लक्ष ठेवून असलेले जागरूक नागरिकही पुण्यात भरपूर आहेत. फाइल पूर्ण असली तर दोघांचीही भीती नाही.

मातीच्या धरणाच्या भिंतीजवळ खोदकाम मागूच नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलेलं पाहिलेल्या शहरात याचं कारण समजावून सांगावं लागू नये.

७. हंगाम आणि मशीन

पुण्यात मान्सून साधारण १० जूनच्या सुमारास पोहोचतो, घाटात वळवाचा पाऊस त्याआधीच सुरू होतो. काम ३१ मेच्या आत संपलं पाहिजे, म्हणजे ते मार्चच्या मध्याला सुरू व्हायला हवं. त्यासाठी मोजणी आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरात आणि निविदा जानेवारीत. पाषाणसारख्या तलावावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी असतात, तिथे थंडीत यंत्रं नकोतच.

पद्धत जागेवर ठरते. पानशेतची पातळी उन्हाळ्यात खूप खाली जाते आणि काठाकडचं बेसिन कोरडं पडू शकतं. तिथे साधा पोकलेन आणि हायवा पुरे. कोरड्यात काढलेला गाळ स्वस्त, मोजायला सोपा आणि लगेच नेता येणारा. खडकवासल्याची गोष्ट उलटी. शहराचं पाणी आणि कालव्याचं आवर्तन तिथूनच जात असल्यामुळे वरच्या धरणांतून पाणी सोडून तिथली पातळी राखली जाते. तिथे मेमध्ये तळ उघडा पडेल या भरवशावर राहू नका, पाण्यातलंच काम धरून चाला.

काठावरून पाण्यात काम करायला लाँग बूम पोकलेन असतो. त्याची पोहोच १५ ते १८ मीटर, पण बकेट निम्म्याने लहान. त्यामुळे साध्या पोकलेनच्या हिशेबाने दिवस मोजू नका. बेसिन ४० मीटर रुंद असेल तर एका काठावरून मधला भाग येणारच नाही, मशीन पाँटूनवर चढवावं लागेल.

कटर सक्शन ड्रेजर गाळ पाण्यासकट ओढून पाइपातून लांब पाठवतो. इथे नवखे लोक फसतात ते आकड्यांत. ६ इंची पाइपातून सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने ताशी सुमारे २२० घनमीटर जातं खरं, पण तो पातळ पिठल्यासारखा घोळ असतो. त्यात तळातला गाळ साधारण १५ टक्के, म्हणजे ताशी ३०-३५ घनमीटर. उरलेलं सगळं पाणी. दिवसाला सहा तास पंप चालला तर १,३०० घनमीटर घोळ येतो. तो मुरवायला बांध घातलेला निवळण-तलाव आणि स्वच्छ पाणी परत सोडायला सांडवा लागतो. जागा नसेल तर जिओ-ट्यूबच्या पिशव्या (पाणी झिरपू देणाऱ्या, गाळ आत ठेवणाऱ्या). ‘ड्रेजर आहे आमच्याकडे’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारा: पाणी कुठे सोडणार?

वेग मुद्दाम सांगितला. तो खूप कमी झाला की वाळू पाइपाच्या तळाशी बसते आणि पाइप चोंदतो. पंप बंद करण्याआधी दहा मिनिटं नुसतं पाणी चालवायचं, जेवणाच्या सुट्टीलाही.

आणि ड्रेजर उतरवण्याआधी तळ विंचरून घ्या. विसर्जन होणाऱ्या कुठल्याही पुणेरी पाण्यात तळाशी मखराच्या पट्ट्या, मूर्तीच्या आतली काथ्या-सुतळी, नायलॉनचा दोर, निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या आणि ओटीच्या साड्या असतात. एक साडी कटरच्या दात्यांत गुंडाळली गेली की अर्धा दिवस गेला. ड्रेजर वर उचलायचा, कोयत्याने धागा धागा कापायचा. आधी पोकलेनला काटेरी बकेट लावून किंवा बोटीतून आकडा ओढून हे सगळं बाहेर काढा.

८. निविदेत हे स्पष्ट लिहा

तळाची पातळी आणि सूट: ९८.४० ला तळ, १५ सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीच्या खोदाईचे पैसे मिळतील, त्याखालचे नाहीत. जिथे तळ ९८.४० च्या वर राहिला तिथे काम अपूर्ण.

मोजणी फक्त आधीच्या आणि नंतरच्या तळाच्या फरकावर. गाडीच्या खेपांवर कधीच नाही. खेपेवर पैसे ठरले की गाडीत पाणी जास्त आणि गाळ कमी जातो, एकाच खेपेची दोन कूपनं फाटतात, आणि तळ मात्र तसाच. खेपांची नोंद ठेवा, पण ती पडताळणीसाठी.

काठाचा उतार १:४ (एक मीटर उभा, चार मीटर आडवा) ठेवा. मऊ गाळात उभी कडा राहतच नाही, आज कापली तर आठवड्यात ढासळते. संरक्षक भिंत, दगडी पिचिंग (काठावर रचलेलं दगडी अस्तर) किंवा जेटीचे खांब यांच्यापासून किमान ३ मीटर लांब थांबायचं. पिचिंगचा पायथा उघडा पडला की वरचे दगड एकेक करून खाली येतात, आणि ती दुरुस्ती गाळाच्या कामापेक्षा महाग.

९. काम चालू असताना

पहिल्या दिवशी पाण्याखाली काय काय आहे ते बोयांनी खूण करा: नांगराचे ब्लॉक, साखळ्या, पंपाच्या पाइपलाइन, वीजकेबल. तरंगता धक्का उचलता येत असेल तर उचलून घ्या, खालचा गाळ नाहीतर राहतोच.

खडकवासल्यातून शहराला पिण्याचं पाणी जातं. कामाभोवती गाळरोधक पडदा लावा. पडद्याचं खालचं टोक तळापासून अर्धा मीटर वर ठेवा. तळाला टेकवला तर त्यात गाळ भरतो आणि पडदाच ओढला जातो. पडद्याबाहेरच्या पाण्याचा गढूळपणा दिवसातून तीनदा मोजून वहीत लिहा आणि काम सुरू होण्याआधीचे आकडे शेजारी ठेवा. पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू (गढूळपणाचं एकक) आहे, पर्याय नसेल तर ५. जलशुद्धीकरण केंद्रावर जास्तीचा बोजा तुमच्यामुळे पडला असं कुणी म्हणालं तर ही वहीच उपयोगी पडते.

पोकलेन रुतणं हा ठरलेला प्रकार. वरून वाळून भेगा पडलेला गाळ खाली मऊच असतो. मशीन नेण्याआधी १२ मिलिमीटरची सळई हाताने दाबून बघा. सहज अर्धा मीटर आत गेली तर लोखंडी प्लेटा किंवा लाकडी स्लीपर टाकल्याशिवाय मशीन पुढे न्यायचं नाही. लाँग बूम वापरताना वरच्या वीजतारा पाहा. तार जवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या, ‘जपून चालवतो’ यावर विश्वास नको.

रस्त्याचं भान ठेवा. हायवाच्या मागच्या फाळक्यातून गळणारा गाळ वळणावर पसरला की पहिली घसरते ती दुचाकी. फाळक्याला रबराची पट्टी, वर ताडपत्री, बाहेर पडताना चाकं धुणं आणि शनिवार-रविवार वाहतूक बंद. सिंहगड-पानशेत रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी तीनशेपैकी तीस खेपाही धड होणार नाहीत, हे वेगळंच.

सर्वात महत्त्वाचं, खड्डे. मशीनने मध्येच सोडलेला दोन मीटरचा खड्डा पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि वरून काहीच दिसत नाही. काठावर पाय भिजवायला उतरलेला माणूस दोन पावलांवर बुडतो. रोज संध्याकाळी काम थांबवताना कडा उतरत्या करून घ्या. काम संपल्यावर पूर्ण काठ चालत फिरून, काठीने तळ चाचपून बघा. उताराला खंड पडला असेल तिथे ठेकेदाराचं शेवटचं बिल थांबवा. याबाबतीत भीड नको.

१०. शेवटची मोजणी आणि बिल

मशीन जागेवर असतानाच मोजणी करा. एकदा पोकलेन ट्रेलरवर चढला की राहिलेला कोपरा पूर्ण करायला तो परत येत नाही. तुमचा माणूस, ठेकेदाराचा माणूस आणि जलाशय मालकाचा कनिष्ठ अभियंता असे तिघे एकाच बोटीत बसून मोजा आणि त्याच दिवशी मोजमाप पुस्तकात सह्या करा. आठवड्याने चार-पाच रेषा पुन्हा तपासा. कडा ढासळून तळ वर आला असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. अनामत रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा.

११. गाळ परत येऊ नये म्हणून

गाळ येतो कुठून ते पावसाळ्यातच दिसतं. जुलैमध्ये मुसळधार पाऊस चालू असताना धक्क्यावर जा आणि तांबडं पाणी कुठल्या ओढ्यातून येतंय ते पाहा. डोणजे-गोऱ्हे भागात किंवा पानशेत रस्त्यावर प्लॉटिंगसाठी, रस्त्यासाठी डोंगर फोडला की खालच्या ओढ्याचं तोंड एका हंगामात भरतं. त्या ओढ्याच्या मुखाशी गाळ-कुंड खोदा आणि त्यापुढे जाळीतल्या दगडांचा बुटका बंधारा घाला. कुंड दरवर्षी मेमध्ये साध्या जेसीबीने एका दिवसात रिकामं होतं. उघड्या उतारावर वाळा लावा, त्याची मुळं माती धरून ठेवतात आणि गुरं तो फारसा खात नाहीत.

ऑक्टोबरमध्ये, पाणी निवळल्यावर, त्याच रेषांवर काठीने मोजणी करून जुन्या नकाशाशेजारी आकडे लिहा. दोन-तीन ऑक्टोबरचे आकडे जमले की दरवर्षी किती सेंटिमीटर गाळ येतो ते कळतं. मग दुसऱ्या पायरीवर अंदाजाने धरलेले ३० सेंटिमीटर खोडून तिथे दोन-तीन पावसाळ्यांचा खरा आकडा टाका.